व्यासपीठ धर्माचे, खाते धर्मादायाचे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षे पूर्ण होणे ही मोठ्या समाधानाची घटना होय. वरूडसारख्या संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या तालुक्याच्या गावी, मोजक्या कुटुंबांच्या वर्गणीवर चालणारी संस्था अर्धशतक टिकते, तेव्हा त्यामागे अनेकांचा त्याग आणि चोख हिशेबाची परंपरा असते. अशा प्रसंगी पूर्वसूरींचे कृतज्ञ स्मरण करावे हे उचितच आहे. परंतु सुवर्णमहोत्सव हा जसा मागे वळून पाहण्याचा क्षण आहे, तसाच तो पुढील वाटेवरचे खाचखळगे ओळखण्याचाही आहे. त्यांपैकी एकाचा विचार आज येथे मांडावयाचा आहे. धर्मस्थानाच्या व्यासपीठावरून राजकारण बोलले जावे काय, आणि जी संस्था करमाफीचा लाभ घेते तिच्यावर याबाबत कोणत्या मर्यादा येतात, हा तो विषय होय.

विषय कायद्याचा आहे; पण तो केवळ वकिलांचा आणि हिशेब तपासनीसांचा नाही. संस्था लहान असते तोवर तिच्या दाराशी फारसे कोणी येत नाही. ती मोठी झाली, तिचे सभागृह उभे राहिले, चातुर्मासात तिच्या मंडपात हजारोंची उपस्थिती होऊ लागली, की त्या मंडपाचे मोल इतरांनाही कळते. मग आमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव वर घालावे, स्मरणिकेत कोणाची शुभेच्छा कोणत्या चिन्हासह छापावी, निवडणुकीच्या दिवसांत सभागृह कोणाला द्यावे, आणि सत्काराला उत्तर देताना पाहुणे मते मागू लागले तर ध्वनिक्षेपक कोणी बंद करावा, हे प्रश्न विश्वस्तांपुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे आयत्या वेळी सुचत नसतात. ती आधी ठरवून ठेवावी लागतात.

धर्मादायाचे खाते म्हणजे काय

व्यापारी समाजाला ही गोष्ट शास्त्रापेक्षाही वहीखात्यातून लवकर समजते. जुन्या पेढ्यांवर प्रत्येक सौद्यामागे थोडीशी रक्कम 'धर्मादा' म्हणून वेगळी काढण्याची रीत होती. ती रक्कम गल्ल्यातच येई. पण ती मालकाची नसे. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्स या कंपनीच्या प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ही गिरणी सुताच्या आणि कापसाच्या विक्रीवर गिऱ्हाइकांकडून धर्मादा घेत असे. आयकर खात्याचे म्हणणे असे की, हे गिरणीचेच उत्पन्न आहे. न्यायालयाने १९७८ मध्ये ते अमान्य केले. धर्मादा म्हणून दिलेला पैसा हाती पडल्या क्षणापासून धर्मकार्याशी बांधलेला असतो, तो व्यापाऱ्याचा होतच नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

करमाफीचा सारा पाया या एका तत्त्वावर उभा आहे. सरकार धार्मिक व धर्मादाय न्यासाच्या उत्पन्नावर कर घेत नाही, याचे कारण ते उत्पन्न कोणा व्यक्तीचे नाही, समाजकार्याचे आहे. म्हणूनच उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम त्या त्या वर्षी उद्देशांवर खर्च करण्याचे बंधन येते, नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ या अंमलाच्या तारखेने २०२५ चा कायदा आणला गेला, कलमांचे क्रमांक बदलले. पण हा पाया बदललेला नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. ज्या धर्मादाय संस्थेला देणगीवरील करवजावटीची मान्यता आहे, तिला एखाद्या दात्याने १०,००० रुपये दिले, तर जुन्या कररचनेत सर्वसाधारणपणे त्यातील निम्मी रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. तो २० टक्के कराच्या पायरीवर असेल, तर त्याचे सुमारे १,००० रुपये वाचतात. हे हजार रुपये सार्वजनिक तिजोरीत यावयाचे होते. ते आले नाहीत. म्हणजे त्या देणगीत रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा अंशतः वाटा आहे. तो कोणत्याही पक्षाचा मतदार असू शकतो. अशा पैशातून एखाद्या उमेदवाराचा प्रचार झाला, तर विरोधी मत असणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशातून त्याच्याच विरुद्ध खर्च केल्यासारखे होते. हा अन्याय दिसत नाही. पण तो अन्यायच होय.

राजकारण आणि धर्मादाय यांच्यातील रेषा

ही रेषा स्वातंत्र्यपूर्व काळातच न्यायालयांनी ओढली आहे. तिची दोन उदाहरणे मोठी बोधप्रद आहेत.

विठ्ठलभाई पटेल यांचे १९३३ मध्ये जिनिव्हा येथे निधन झाले. आपल्या मालमत्तेतील उरलेला भाग सुभाषचंद्र बोस यांच्या हाती द्यावा आणि त्यांनी तो हिंदुस्थानच्या राजकीय उत्कर्षासाठी, शक्यतो परदेशांतील प्रचारासाठी खर्चावा, अशी तरतूद त्यांच्या मृत्युपत्रात होती. मृत्युपत्र करणारा थोर, विश्वासपात्र माणूस थोर आणि हेतूही थोर. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद धर्मादाय म्हणून वैध मानली नाही. राजकीय उत्कर्ष हा हेतू धर्मादायाच्या व्याख्येत बसत नाही, असे ठरले.

दुसरे उदाहरण अखिल भारतीय चरखा संघाचे. १९२५ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने आणि काँग्रेसच्या छत्राखाली हा संघ जन्मला. आयकर खात्याने त्याला राजकीय संस्था ठरविण्याचा प्रयत्न केला आणि मुंबई उच्च न्यायालयातही संघाच्या विरुद्ध निकाल लागला. पण १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. संघाचा जन्म कोठे झाला यापेक्षा संघ काय करतो हे त्या न्यायासनाने पाहिले. संघ कापूस देत होता, सूत घेत होता, गरीब कातणाऱ्या-विणणाऱ्या हातांना मजुरी देत होता. त्याचा कारभार राजकारणाच्या ताब्याबाहेर होता. म्हणून तो धर्मादाय ठरला आणि त्याला करमाफी मिळाली.

या दोन निकालांतून एक सरळ सूत्र हाती येते. संस्थेच्या माणसांचे राजकीय मत काय, त्यांची कोणाशी ओळख, हे कायदा पाहत नाही. संस्थेचा पैसा, जागा आणि नाव कोणत्या कामी लागते, एवढेच तो पाहतो. विश्वस्ताने आपल्या आवडीच्या पक्षाला मत द्यावे, स्वतःच्या खिशातून देणगीही द्यावी. रोखीने न दिलेल्या अशा देणगीला वैयक्तिक करात वेगळी वजावट कायद्यानेच ठेवली आहे. मात्र ते त्याचे स्वतःचे खाते झाले. धर्मादायाच्या खात्याशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकेतील चर्च आणि इथला कायदा

हा वाद आज जगभर गाजतो आहे, तो मुख्यतः अमेरिकेमुळे. तेथे १९५४ मध्ये लिंडन जॉन्सन या सिनेटरांनी, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, करकायद्यात एक दुरुस्ती घडवून आणली. करमाफी घेणाऱ्या संस्थेने, मग ती चर्च का असेना, कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचार करू नये, असे तिचे सार आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील एका चर्चने १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन बिल क्लिंटन यांना मत देऊ नये असे सुचविले आणि त्या जाहिरातीसाठी करमुक्त देणग्याही मागितल्या. १९९५ मध्ये त्या चर्चची करमाफी रद्द झाली. पुढे २००० मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती कारवाई कायम केली. बोलण्याचे स्वातंत्र्य चर्चला आहेच. पण सवलत घेऊन बोलण्याचा हक्क त्यातून उत्पन्न होत नाही, असा न्यायालयाचा रोख होता.

मात्र तेथे या नियमाची अंमलबजावणी क्वचितच झाली. २०२५ च्या जुलैमध्ये तर तेथील कर खात्याने टेक्सासमधील एका दाव्यात अशी भूमिका घेतली की, उपासनेच्या निमित्ताने, आपल्या नेहमीच्या मार्गाने, आपल्याच भक्तसमुदायाशी निवडणुकीविषयी बोलणे म्हणजे या नियमाचा भंग नव्हे. ही बातमी वाचून येथील काहींना वाटले की, आता जगभर धर्मस्थानांची तोंडे मोकळी झाली. हा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत हा प्रश्न केवळ कर-सवलतीचा आहे. भारतात तो फौजदारी कायद्याचाही आहे.

१९८८ मध्ये, अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरातील घटनांच्या पार्श्वभूमीवर, संसदेने धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा कायदा केला. त्याची आठवण शस्त्रे आणि गुन्हेगार यांच्या संदर्भात केली जाते; पण त्याच्या कलम ३ मध्ये पहिलाच निषेध राजकीय कार्याचा आहे. धार्मिक संस्थेने आपली जागा कोणत्याही राजकीय कार्याच्या प्रसारासाठी वापरू नये व वापरू देऊ नये, असे ते सांगते. कलम ५ पैसा व मालमत्ता यांना तीच मर्यादा घालते. कलम ६ अन्वये संस्थेच्या आश्रयाने होणारा समारंभ, उत्सव, मिरवणूक वा सभा राजकीय कार्यासाठी वापरू देता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची आहे. दोषी ठरलेला व्यवस्थापक पदावरून दूर होतो आणि सहा वर्षे कोणत्याही धार्मिक संस्थेत पद धारण करू शकत नाही.

या कायद्यातील दोन बारकावे प्रत्येक विश्वस्ताने ध्यानी घ्यावेत. पहिला असा की, 'राजकीय कार्य' याची व्याख्या व्यापक आहे. तीत पक्षाचा प्रचार येतो, लोकसभेपासून नगर परिषदेपर्यंतच्या कोणत्याही निवडणुकीतील उमेदवाराचा प्रचार येतो आणि राजकीय स्वरूपाच्या प्रश्नावर सभा घेणे, निधी जमविणे, आदेश काढणे हेही येते. दुसरा असा की, बंधन मंदिराच्या गाभाऱ्यापुरते नाही. संस्थेच्या मालकीची वा ताब्यातील कोणतीही जागा त्यात येते. सभागृहाचे भाडे घेतले, रीतसर पावती दिली, मग दोष कसला, असे काही ठिकाणी म्हटले जाते. परंतु कायद्याने भाड्याचा अपवाद ठेवलेला नाही.

यापुढची साखळी करकायद्याची आहे. न्यासाचे उत्पन्न उद्देशांबाहेर खर्च झाले, तर त्याची आयकर नोंदणी रद्द होऊ शकते. उद्देशपूर्तीशी निगडित अशा दुसऱ्या एखाद्या कायद्याचा भंग अंतिमतः सिद्ध झाला, तरीही तसे घडू शकते. पुष्कळांना वाटते, नोंदणी गेली तर फार तर पुढच्या वर्षांचा कर भरावा लागेल. वस्तुस्थिती त्याहून कठोर आहे. २०१६ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार नोंदणी रद्द झाल्यास न्यासाच्या साऱ्या मालमत्तेचे बाजारमूल्य काढून, देणी वजा करून, उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर आकारता येतो. पन्नास वर्षांपूर्वी अल्प किमतीत घेतलेल्या जागेचे आजचे मूल्य डोळ्यांपुढे आणावे. तीन पिढ्यांनी जे जमविले त्याचा मोठा हिस्सा एका सभेच्या मोहापायी जाऊ शकतो.

निवडणुकीचा कायदा काय सांगतो

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. अमुक उमेदवाराला मत न दिल्यास दैवी कोप होईल, अशी भीती घालणे हाही त्यात येतो. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला. उमेदवाराच्या धर्माचे आवाहन तर वर्ज्य आहेच. मतदाराच्या धर्माला हात घालून केलेले आवाहनही वर्ज्य ठरले. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत मशिदी, चर्च, मंदिरे व अन्य प्रार्थनास्थळे प्रचाराची व्यासपीठे होऊ नयेत, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे.

हे सारे इतरांच्या बाबतीत घडते, जैन समाज यापासून दूर आहे, असे मानून चालणार नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मीरा-भाईंदर महापालिकेच्या निवडणुकीत एका जैन मुनींच्या आवाहनाची चित्रफीत पसरली. विरोधी पक्षाने राज्य निवडणूक आयोगाकडे धाव घेतली आणि वृत्तपत्रांतून जैन साधूंविषयी न शोभणारी भाषा वापरली गेली. २०१६ मध्ये एका दिगंबर मुनिश्रींनी हरियाणाच्या विधानसभेत प्रवचन दिले, तेव्हाही देशभर चर्चा झाली. श्रद्धेचे विषय चेष्टेचे झाले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, कबुतरखान्यांच्या वादानंतर, मुंबईत एका जैन मुनींनी राजकीय पक्षाची घोषणाच केली. या घटनांतील हेतूंचा न्यायनिवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. साधूंच्या तपाविषयी समाजाचा आदर अढळ आहे. परंतु परिणाम सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. साधू एका पक्षाचे झाले, असा समज पसरला, की त्यांच्या अहिंसेच्या उपदेशालाही लोक त्या पक्षाचा प्रचार मानू लागतात.

२०१५ च्या पर्युषणाचे उदाहरणही असेच आहे. पर्युषणातील काही दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याची प्रथा मुंबईत वर्षानुवर्षे शांतपणे पाळली जात होती. त्या वर्षी तो विषय पक्षांच्या हाती गेला. रस्त्यावर निषेध झाले, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले आणि मांसविक्रीबंदीला स्थगिती मिळाली. जीवदयेचे जे काम शेजाऱ्यांच्या सद्भावनेवर चालले होते, ते शेजाऱ्यांशी भांडण ठरले.

२०११ च्या जनगणनेत देशातील जैनांची संख्या ४४,५१,७५३ होती. एकूण लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. महाराष्ट्रात ती १४,००,३४९ म्हणजे सव्वा टक्का होती. वरूडसारख्या ठिकाणी समाजाच्या मतांनी निवडणूक फिरत नाही. समाजाचे बळ त्याच्या पतीत आहे, आणि ती पत सर्व पक्षांच्या, सर्व जातींच्या माणसांनी दिलेली आहे. बागाइतदार, मजूर, हमाल, शिक्षक हे सारे दुकानाच्या पायरीवर येतात ते विश्वासाने. धर्मस्थानाने एक पक्ष घेतला, की त्या विश्वासाला पहिला तडा जातो. हानी अशी हळूहळू होते आणि ताळेबंदात दिसत नाही.

जिनशासनाची शिकवण

कायद्याने सांगितलेली ही मर्यादा जैन परंपरेला नवी नाही. शास्त्रात साधूंसाठी चार विकथा त्याज्य सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. राजाच्या वैभवाची, त्याच्या सैन्याची, त्याच्या जय-पराजयाची चर्चा ही राजकथा. ती स्वाध्यायाचा आणि संयमाचा घात करते, म्हणून ती विकथा. राजे गेले, निवडणुका आल्या. पण कोण निवडून येणार, कोण पडणार, ही चर्चा राजकथाच आहे. प्रवचनाच्या पाटावरून तिला स्थान नसावे, हा नियम कोणत्याही संसदेहून प्राचीन आहे.

श्रावकासाठीही मार्गदर्शन आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत विरुद्धराज्यातिक्रम हा एक आहे. राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून लाभ मिळविणे, असा त्याचा अर्थ परंपरेने केला आहे. याचाच अर्थ असा की, करमाफी घेऊन तिच्या अटी मोडणे हा केवळ कायद्याचा गुन्हा नव्हे. तो व्रताचाही दोष आहे.

आणि देवद्रव्याचा विचार तर करकायद्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण द्रव्य यांची खाती निरनिराळी. देवासाठी बोललेल्या चढाव्याची रक्कम भोजनशाळेकडे वळवावयासही शास्त्रज्ञांची संमती नसते. जीवदयेचा पैसा जीवदयेलाच लागला पाहिजे. ज्या समाजाने देवाचा पैसा पाठशाळेलाही सहजासहजी लावला नाही, त्याने तो प्रचाराच्या मांडवाला, ध्वनिक्षेपकाला वा विजेच्या बिलाला लागू द्यावा, हे त्याच्याच परंपरेशी विसंगत ठरेल.

संतांनी कधीच राजकारण केले नाही काय?

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. या महाराष्ट्रात धर्म आणि राष्ट्रकारण कधी वेगळे होते? लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते लोकजागृतीसाठीच. अमरावती जिल्ह्याचे भूषण असलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी १९४२ मध्ये विदर्भ पेटविला. चिमूर, आष्टी आणि याच वरूड तालुक्यातील बेनोडा ही नावे त्या वर्षाची साक्ष देतात. आचार्य हीरविजयसूरी १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी गेलेच होते.

हे सारे खरे आहे. परंतु या उदाहरणांचा नीट विचार केला, तर ती आजच्या प्रकाराच्या बाजूने उभी राहत नाहीत. हीरविजयसूरींनी बादशहाकडे कोणासाठी सुभेदारी मागितली नाही. पर्युषणात प्राण्यांना अभय आणि बंदिवानांची व पिंजऱ्यातील पक्ष्यांची सुटका मागितली. लोकमान्यांनी १८९७ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी पत्करली. तुकडोजी महाराजांना १९४२ मध्ये अटक झाली; ते नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत राहिले. त्यांनी जे बोलले त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने चुकविली. आज व्यासपीठावरून मत मागणारा पाहुणा त्याच रात्री दुसऱ्या गावी निघून जातो, मुनिश्री चातुर्मास संपताच विहार करतात, आणि उद्या नोटीस आलीच तर ती विश्वस्तांच्या नावावर येते. कायद्यातील 'व्यवस्थापक' हा शब्द संस्थेचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो.

धर्माने सार्वजनिक जीवनाविषयी मौन पाळावे, असा याचा अर्थ नाही. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा देशभर मूक मोर्चे निघाले आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सम्मेद शिखरजीच्या पावित्र्यासाठी २०२२ च्या अखेरीस समाज रस्त्यावर उतरला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. त्या काळात कोणाला मत द्या असे सांगावे लागले नाही, म्हणूनच सर्व पक्षांचे लोक त्या मागणीशी सहमत होऊ शकले. अशा प्रसंगीही निवेदन आणि मोर्चा समाजाच्या नागरिकांच्या नावे, कायद्याने दिलेल्या मार्गाने व्हावा; न्यासाचा निधी आणि मंदिराचे व्यासपीठ त्यापासून दूर ठेवावे, हेच शहाणपणाचे. दारू, जुगार, हिंसा, पाण्याची उधळपट्टी, निवडणुकीतील पैसेवाटप यांविरुद्ध प्रवचनातून अवश्य बोलावे. उमेदवाराचे नाव, पक्ष आणि चिन्ह उच्चारले गेले, की मर्यादा ओलांडली गेली.

सरकारने हात कोठे आखडावा

मर्यादा एकाच बाजूला असत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये आला, त्यात धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमता येईल अशी तरतूद होती. रतिलाल पानाचंद गांधी या जैन विश्वस्ताने तिला आव्हान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. न्यासाच्या हिशेबांवर देखरेख करण्याचा अधिकार शासनाला आहे, धर्माचरण ताब्यात घेण्याचा नाही, अशी त्या निकालाची विभागणी होती. आज देशभरातील धार्मिक संस्थांना जे स्वातंत्र्य आहे, त्यात एका जैन विश्वस्ताच्या त्या लढ्याचाही वाटा आहे. शासनाने देवळात येऊ नये, हे ज्या तत्त्वाने मिळविले, त्याच तत्त्वाने देवळाने निवडणुकीत उतरू नये. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणता येणार नाही.

सुवर्णमहोत्सवी पंचसूत्री

या सर्व विचाराचे सार पाच नियमांत बांधून न्यासाच्या ठरावबुकात नोंदविता येईल.

पहिला: आचारसंहिता लागू असताना कोणत्याही उमेदवाराचा वा पक्षपदाधिकाऱ्याचा सत्कार न्यासाच्या कार्यक्रमात होऊ नये. दर्शनाला येणाऱ्यास मात्र अडवू नये. भगवंताच्या दारी प्रत्येक जण केवळ दर्शनार्थी असतो. ध्वज आणि घोषणा दाराबाहेर राहाव्यात.

दुसरा: सभागृह देण्याच्या अर्जात राजकीय कार्यासाठी वापर करणार नाही, असे कलम छापलेले असावे. ते सर्व पक्षांना सारखे लागू व्हावे. एकाला नकार आणि दुसऱ्याला होकार हा सर्वांत घातक मार्ग होय.

तिसरा: न्यासाच्या निधीतून कोणत्याही पक्षाला, उमेदवाराला वा त्यांच्या कार्यक्रमाला एक रुपयाही जाऊ नये. उलट दिशेचा पैसाही पारखून घ्यावा. खासदार निधीतून प्रार्थनास्थळाचे काम करता येत नाही, हे त्या योजनेचे नियमच सांगतात. तेव्हा मंडपात मिळालेल्या आश्वासनांवर टाळ्या वाजविण्याआधी नियम वाचावेत. स्मरणिकेतील शुभेच्छा शुभेच्छाच असाव्यात. त्यांत चिन्ह व आवाहन नसावे.

चौथा: चातुर्मासाची विनंती करतानाच पूज्य साधू-साध्वींच्या चरणी या कायद्याची माहिती विनयपूर्वक निवेदन करावी. संघाच्या नावाने चालणाऱ्या व्हॉट्सअॅप गटालाही हाच नियम लावावा. व्यासपीठाचे स्वरूप बदलले तरी जबाबदारी बदलत नाही.

पाचवा: विश्वस्तांपैकी कोणी निवडणुकीस उभे राहिल्यास त्यांनी त्या काळापुरते कारभारातून स्वेच्छेने बाजूला व्हावे. कायदा त्यांना तसे सांगत नाही. पण लोकांच्या मनात शंका राहू नये म्हणून हे करावे. लोकसेवेसाठी समाजातील माणसे पुढे यावीत, ही इच्छा सर्वांचीच आहे. ती न्यासाच्या खांद्यावर उभी न राहता स्वतःच्या पायांवर उभी राहावीत.

हे नियम कोणा एका पक्षाच्या विरुद्ध नाहीत. आज जो पक्ष जवळचा वाटतो तो उद्या सत्तेत नसेल, आणि ज्याला आज नकार द्यावासा वाटतो तो उद्या सत्तेत असेल. महाराष्ट्रातील नगर परिषदांच्या निवडणुका दीर्घ खंडानंतर २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाल्या. कोण कोणाबरोबर लढला आणि नंतर कोण कोणाच्या सोबत बसला, याचा हिशेब मतदारांनाही ठेवता आला नाही. अशा वाऱ्यावर पन्नास वर्षांच्या संस्थेने आपले शीड उभारावे, यात व्यवहारही नाही आणि धर्मही नाही.

पूर्वीच्या विश्वस्तांनी सुवर्णमहोत्सवापर्यंत जे पोहोचविले, त्यात दगड-विटांपेक्षा दोन गोष्टी मोलाच्या आहेत. एक, कोणीही केव्हाही उघडून पाहावी अशी हिशेबाची वही. आणि दुसरी, कोणत्याही पक्षाच्या माणसाने संकोच न करता यावे असे धर्मस्थानाचे दार. पुढच्या विश्वस्तांच्या हाती ही दोन्ही जशीच्या तशी सोपविली जावीत, हीच जिनेश्वर भगवंतांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र. अहिंसा परमो धर्मः.